स्टुडिओतली बंद पडलेली डिस्क

शाबान महिन्यात आमच्या स्टुडिओत कुणालाच फुरसत नसते. रमजानच्या आधी निकाह उरकून घ्यायची सगळ्यांनाच घाई. पुरुषांकडचे फोटो माझे दीर काढतात, जनान्यातले मी. जनान्यातले फोटो आमच्या काचेच्या कपाटात लागत नाहीत, मोबाईलवर फिरत नाहीत. ते ज्या घरचे, त्याच घरात जातात. चिपळुणात आमच्या स्टुडिओवर लोकांचा भरवसा आहे तो बराचसा यामुळेच.

लग्नाआधी मी पुण्यात चार वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं होतं. त्यामुळे 2021 च्या पुरानंतर फोटो जपून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. त्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर जपलेल्या निगेटिव्हच्या पेट्या चिखलात गेल्या. पुढे कित्येक महिने लोक येऊन विचारायचे, "आमचे अल्बम गेले, तुमच्याकडे काही असेल ना?" अब्बा नुसती मान हलवायचे.

त्या वर्षअखेरीस मी वरच्या मजल्यावर एक छोटा सर्व्हर बसवला. त्यात चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क. लिनक्समध्ये त्यांची जोडी अशी लावली की एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही लिहिलं जावं. याला मिररिंग म्हणतात, 'रेड वन'. अब्बांना काही ते पटेना. "पैसे दोनचे आणि जागा एकीची? हा कुठला हिसाब?" मी म्हटलं, "अब्बा, एक गेली तरी दुसरी चालत राहते. काम अडत नाही."

काम अडलं नाही, म्हणूनच तर आम्हाला काही कळलं नाही. 2024 च्या शाबानात एका संध्याकाळी मी दुसऱ्याच कामासाठी सर्व्हर उघडला आणि सहज डिस्कची स्थिती पाहिली. दोन्ही डिस्क ठीक असल्या की तिथे दोन 'यू' दिसतात. तिथे एक 'यू' होता आणि शेजारी नुसती रेघ. तारीख पाहिली तर डिस्क जोडीतून बाहेर पडून तीन आठवडे झालेले! इशाऱ्याचा मेल जात होता मी कधीच वापरणं सोडलेल्या पत्त्यावर. ती चूक माझीच. त्या तीन आठवड्यांत सात निकाह झाले होते. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसलेली. सातही घरांचे फोटो आता एका डिस्कवर होते, आणि ती डिस्कही बिघडलेलीच्याच वयाची, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेली.

दुसऱ्या दिवशी नवीन डिस्क आणली. तिची क्षमता जुनीइतकी किंवा जास्त हवी. थोडीशी जरी कमी भरली तरी सर्व्हर तिला जोडीत घेत नाही.

सर्व्हर सांगत होता, 'एसडीबी' बिघडली आहे. दोनपैकी 'एसडीबी' कुठली? मी धरून चालले की खालची. मशीन बंद करून खालची काढली आणि बाकी सगळं ठीक आहे ना, हे बघायला पुन्हा सुरू केलं. सुरू झालं. फोल्डर उघडलं, तर शेवटच्या तीन आठवड्यांचं काहीच नाही. सातपैकी एकही निकाह नाही. दीर मागे उभे होते. "भाभी, गेले का?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दोन-तीन मिनिटं तशीच गेली, मग डोक्यात प्रकाश पडला. बिघडलेली डिस्क पुरती मेलेली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ती जोडीतून बाहेर पडली आणि तिच्यावरचा काळ तिथेच थांबला. तिच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे सगळं आलबेल होतं, म्हणून एकटी पाहून मशीनने तिलाच खरं मानलं. माझ्या हातात होती ती चांगली डिस्क! घाबरून मी तीच नवीन म्हणून परत जोडली असती, तर शिळ्या डिस्कवरचा मजकूर तिच्यावर उतरला असता आणि सातही निकाह माझ्याच हातून पुसले गेले असते.

मशीन ताबडतोब बंद केलं. दुसरीही डिस्क बाहेर काढली आणि दोन्हींच्या लेबलवरचे सिरीयल नंबर वाचले. कुठल्या नंबरची डिस्क बिघडली, हे सर्व्हर एका कमांडवर सांगतो. ते मी आधीच विचारायला हवं होतं. चांगली डिस्क एकटी लावली. सातही निकाह होते. अल्हम्दुलिल्लाह! नव्या डिस्कला हात लावण्याआधी ते सगळे एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. मगच नवी आत बसवली, तिचे भाग जुन्यासारखे पाडले आणि जोडीत घातली. सर्व्हरला फोटो कुठले आणि रिकामी जागा कुठली हे माहीत नसतं, तो चार टीबी सगळेच्या सगळे उतरवत बसतो. रात्री जेवणानंतर लावलेलं काम फजरच्या अजानीला संपत आलं होतं. मधे दोनदा उठून मी टक्के पाहून आले.

जुनी डिस्क वॉरंटीत होती. परत पाठवली तर बदली फुकट मिळाली असती, आणि शाबानातला खर्च काही कमी नसतो. पण तिच्यावरचे फोटो उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुसून पाठवावी, तर ती लिहितानाच चुकत होती. पुसलं गेलंच, याची खात्री कोण देणार? अब्बांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लोकांच्या लेकीसुनांची अमानत आहे. कुणाच्या हातात द्यायची नाही." दिरांनी अंगणात लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून ड्रिलने तिला आरपार चार भोकं पाडली.

आता प्रत्येक डिस्कवर, वरून वाचता येईल असा तिचा नंबर चिकटवला आहे. इशाऱ्याचा मेल मला आणि दिरांना, दोघांनाही येतो. दोन डिस्क असल्या तरी त्या एकाच पेटीत, आणि पेटी चिपळुणात. म्हणून पासवर्डाने बंद केलेली तिसरी डिस्क पुण्याला नणंदेकडे असते. दर दोन महिन्यांनी कुणीतरी जाणारं जुनी आणतं, नवी नेतं, बहुतेक वेळा सुक्या मासळीच्या पिशवीतून. अब्बा जुम्याच्या नमाजाहून आले की टोपी काढायच्या आत विचारतात, "बेटी, दोन यू आहेत ना?"