वेंगुर्ला रोडच्या दुसऱ्या टोकाला

हिंडलग्याच्या गणपतीला आपण ज्या रस्त्यानं जातो त्याला वेंगुर्ला रोड म्हणतात, हे बेळगावात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं गाव पाहिलेली तरुण मुलं आपल्या मंडळात शोधावी लागतील. सुट्टी सापडली की गाड्या चोर्ला घाटातून थेट गोव्याला! गोव्याशी माझं वाकडं नाही. पण ज्या गावाचं नाव आपण रोज पत्त्यात लिहितो, तिथं एकदा तरी मुक्काम करावा, असं मला वाटतं.

रस्त्याला हे नाव उगीच पडलेलं नाही. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. आधी रामघाटानं, पुढे आंबोलीच्या घाटानं. आपल्याकडचा रामघाट रोडही त्याच वाटेची आठवण. आंबोली हे थंड हवेचं ठिकाण म्हणून पुढे नावारूपाला आलं, ते मुळात या वाटेवरच्या मुक्कामाचं गाव. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे आली, व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्लं मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच ते अजून बरंचसं स्वतःसारखं राहिलं आहे. बाजारात विकायला असलेल्या बऱ्याच वस्तू तिथल्याच झाडांच्या, तिथल्याच समुद्राच्या आणि तिथल्याच बायकांच्या हातच्या असतात. तिथं जायचं ते त्यासाठी.

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असं करत तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. आंबोलीला धबधब्यापाशी गर्दी असेल तर सरळ हिरण्यकेशीच्या उगमाकडे वळा. हीच नदी पुढे आपल्या संकेश्वरवरून वाहत जाते. सावंतवाडीत मोती तलावाला एक फेरी आणि चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं. ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असतात. रंगवलेली लाकडी फळं हळदीकुंकवाच्या वाणासाठी घ्यायला छान. तिथून वेंगुर्लं तासाभराच्या आत.

पोचल्यावर पहिला प्रश्न जेवणाचा. मोठ्या पाटीचं हॉटेल शोधू नका. घरगुती खाणावळ शोधा आणि शक्य असेल तर सकाळीच फोन करून माणसं किती ते सांगा. अशा घरांत सकाळच्या बाजारातून जे मिळालं तेच दुपारच्या ताटात येतं, आणि मासळी संपली की संपली. ताट वाढताना भात उकडा हवा की सुरय, असं विचारतील. उकडाच घ्या. लालसर, जाडसर दाण्याचा हा भात पहिल्या घासाला नवखा वाटतो, पण माशाच्या कालवणाला तोच न्याय देतो. सुरमई आपल्याकडेही मिळते, तिच्यासाठी घाट उतरायची गरज नाही. त्यापेक्षा आज पेडवे आहेत का, मुडदुशे, सौंदाळे आहेत का, ते विचारा. ही मासळी छोटी, काट्यांची, म्हणून बाहेरगावी फारशी जात नाही आणि म्हणूनच इथं ताजी मिळते. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या कालवणात काळपट फळं दिसतील. ती चावायची नसतात, बाजूला काढायची. चावलीत तर जीभ थोडा वेळ बधिर होईल, बाकी काही नाही.

शाकाहारी मंडळींनी नाराज होऊ नये. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, किंवा त्याच सांबाऱ्याबरोबर आंबोळी, हे मला माशाच्या ताटाइतकंच प्रिय आहे. सकाळच्या न्याहारीला घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. गोड हवं तर शिरवाळे: तांदळाच्या वाफाळत्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. हा पदार्थ हॉटेलच्या यादीत क्वचितच असतो, घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आता बाजार. वेंगुर्ल्यात क्रॉफर्ड मार्केट आहे, हे ऐकून मुलं हसतात. पण खरोखरच आहे, आणि मुंबईच्या मानानं अगदी बेताचं. तिथं आणि आजूबाजूच्या रस्त्यावर सकाळी बायका टोपल्या घेऊन बसतात. एकदा मासळीवालीनं मला विचारलं, "खयसून इलात?" मी म्हटलं, "बेळगावसून." तशी ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "बघ गे, घाटावरून मासो खावक इलीहत!" आणि मग बांगडा कसा पारखायचा याचा धडाच दिला. डोळा स्वच्छ हवा, कल्ला लाल हवा, पोटाला बोट लावलं तर खळगा राहता कामा नये. मालवणी बोलता आली नाही तरी चालतं, समजली तरी निम्मं काम होतं. आपल्या बेळगावी मराठीलाही ती बायका हसतात, तेव्हा फिटंफाट.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर टोपल्यांत ओले काजूगर दिसतील. ते नगावर, शेकड्याच्या भावानं विकतात. भाव ऐकून आपल्याकडची मंडळी चमकतात, म्हणून त्यामागचं काम सांगते. काजूची बी हिरवी असताना झाडावरून काढायची, एकेक बी कोयत्यानं किंवा विळीवर उभी चिरायची आणि आतला गर अख्खा सोडवायचा. सालीत जो चीक असतो तो कातडी भाजतो. म्हणून बायका हाताला राख चोळून बसतात, आणि तरीही बोटं काळी पडतात, सोलवटतात. शंभर गर म्हणजे शंभर वेळा तो चीक हातावर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घासाघीस करायला तोंड उघडत नाही. या गरांची ओल्या खोबऱ्याच्या वाटपातली उसळ म्हणजे कोकणातल्या वसंताची चव. सुके काजूगर भिजवून केलेली उसळ तिच्या जवळपासही जात नाही.

सुक्या काजूबद्दलही थोडं. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती शोधल्या आणि त्या कोकणभर पसरल्या. 'रत्ना' आणि 'सिंधू' हे आंबेही इथलेच. सिंधूची कोय इतकी पातळ असते की मुलं ती हातात घेऊन बघत बसतात. पण कोकणातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली कच्ची बीही फोडली जाते. ती स्वस्त पडते, त्यामुळे इथल्या बागायतदाराच्या बीला भाव मिळत नाही, हे गाऱ्हाणं दरवर्षीचं. म्हणून चकचकीत पाकिटाला भुलू नका. दुकानदाराला सरळ विचारा, बी गावची का? खात्रीनं सांगणारा भेटला तर त्याच्याकडचे सालीसकट भाजलेले काजू घ्या. दिसायला काळपट, चवीला गोडसर.

कोकमाच्या बाबतीत आपल्या घरात तीन गोष्टींचा हमखास घोळ होतो. सोलं म्हणजे रातांब्याची साल, फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, सोलकढीसाठी. त्यात मीठ असतंच, वरून घालताना जपून. आणि अमृत कोकम म्हणजे साखरेतलं, सरबताचं. बाटली घेताना काय हवंय ते नीट सांगा, नाहीतर सोलकढी गोड होते. याशिवाय फणसपोळी, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ आणि खाजं. आल्याच्या गुळात घोळवलेलं खाजं जत्रेतलं असेल तर फारच उत्तम.

संध्याकाळी बंदरावर जा. टेकडीवरच्या दीपगृहाकडून समुद्र आणि गाव दोन्ही दिसतात. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं दिसतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. गावात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला डचांना हे ठिकाण सोयीचं होतं. मी गेले तेव्हा पडक्या भिंतींवर वडाची मुळं चढली होती. फार काही बघायला नाही, पण इतिहास शिकणाऱ्या मुलांना अर्धा तास पुरेल. मंगेश पाडगावकरांचा जन्म याच गावातला, १९२९ सालचा, हे घरातल्या कविताप्रेमींना सांगून ठेवा.

मांडवीच्या खाडीत महिलांचा एक बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. कोळी समाजातल्या या बायका स्वतः होडी वल्हवतात. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो, चिखलातले खेकडे दिसतात. मला अख्ख्या सहलीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. भरती-ओहोटीवर वेळ ठरते, म्हणून आधी चौकशी करा.

सागरेश्वरचा किनारा लांबरुंद, सुरूच्या बनाचा. वायंगणीला समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं समुद्राकडे निघतात. गावकरी घरटी राखतात. ते सांगतील तिथंच उभं राहायचं आणि मोबाईलचा दिवा बंद ठेवायचा. पोहण्याचा हट्ट कुठल्याही किनाऱ्यावर नको, स्थानिक माणूस नको म्हणाला की नकोच.

नशीब असेल तर पहाटे रापण दिसेल. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घालून परत येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते किनाऱ्यावर ओढतात. तासन्‌तास चालतं. मासळीचे वाटे पडतात, आणि दोराला हात लावणाऱ्याला मूठभर मासळी द्यायची रीत आहे. आमच्या भाच्यानं अर्धा तास दोर ओढला आणि चार तारल्या मिळवल्या. त्या घेऊन तो खाणावळीत असा काही शिरला की जणू होडी त्याचीच! पण रापणी कमी होत चालल्या आहेत. यांत्रिक नौका आणि प्रखर दिव्यांची मासेमारी किनाऱ्याजवळ मासळी येऊच देत नाही, असं रापणकर सांगतात. या वादावरून या किनाऱ्यावर आंदोलनंही झाली आहेत. पुढच्या पिढीला रापण दिसेल का, हे विचारल्यावर एक वयस्क रापणकर नुसते हसले.

दुसरा दिवस दक्षिणेकडे. आरवलीला वेतोबा आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा. वाहिलेले जोड देवळात रांगेनं ठेवलेले असतात. जयवंत दळवींचं हे गाव. शेजारचं शिरोडं म्हणजे वि. स. खांडेकरांची कर्मभूमी. १९२० पासून १९३८ पर्यंत ते इथं शाळेत शिकवत होते. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, आणि मिठागरं आजही आहेत. तिथलं जाडं मीठ किलोभर घेऊन या, लोणच्याला बरं. रेडीला यशवंतगड आणि १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती. तिथून पुढे गोवा हाकेच्या अंतरावर, पण या वेळी नको.

कधी जावं? काजूगरांसाठी फेब्रुवारी-मार्च, हापूससाठी एप्रिल-मे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. चतुर्थीत तर जाऊच नका, सगळा सिंधुदुर्ग आपापल्या घरच्या गणपतीत असतो, खाणावळींची दारंही बंद. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. मोचेमाडकर नाईकांचं नाटक कुठं आहे याची चौकशी करा आणि मुलांना दुपारी झोपवून ठेवा.

वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेनं कचरा वेगळा करून जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग उभी केली आहे. आपल्या प्लास्टिकच्या बाटल्या आपल्याच गाडीतून परत आणा. परतताना आंबोलीचा घाट अंधार पडायच्या आत चढा, धुक्यात समोरचं काही दिसत नाही. आणि आगळाच्या बाटल्या डिकीत उभ्या ठेवून मध्ये उकड्या तांदळाची पिशवी घाला, म्हणजे वळणावर कलंडत नाहीत.