पासवर्ड विचारण्याआधीची अक्षरं

कोकणात पावसाळ्यात वीज जाते, हे कुणाला वेगळं सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे सर्व्हर मी पुण्यात बसून सांभाळते. तिथे यूपीएसची बॅटरी उतरली की भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सर्व्हर बंद पडतो आणि वीज आल्यावर कुणीतरी त्याच्यासमोर बसून डिस्कचा पासवर्ड टाकावा लागतो. विद्यार्थ्यांचे गुण आणि माहिती त्यात आहे, म्हणून डिस्कला कुलूप आहे, आणि ते असायलाच हवं. हा पासवर्ड टाकतात प्रयोगशाळेतले काका. निवृत्तीला आलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कामाला अत्यंत चोख. दर पावसाळ्यात त्यांचा फोन यायचा, "मॅडम, बरोबर टाकतोय मी, पण घेत नाही."

फोनवरून हे सुटणारं नव्हतं, म्हणून मी गेले.

सर्व्हरवर डेबियन लिनक्स आहे. माउस नाही, खिडक्या नाहीत, नुसता टेक्स्ट कन्सोल: काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मॉनिटर बावीस इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. अक्षराचा साचा आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच, म्हणजे एका ओळीत २४० अक्षरं आणि पडद्यावर ६७ ओळी. हिशेब केला तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम चार मिलिमीटर येतात, आणि त्यातलं छोट्या लिपीतलं अक्षर दोन मिलिमीटरांच्याही आत. मला ते दिसत होतं. काका मात्र खुर्चीतून उठून नाक मॉनिटरला लागेल इतके वाकून वाचत होते.

मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली होती: @ च्या जागी " ची कळ दाबावी. कुणी लिहिली ते काकांनाही आठवत नव्हतं. ती वाचल्याबरोबर रोग कळला. ज्या कंत्राटदाराने मशीन बसवलं, त्याने कीबोर्डची मांडणी ब्रिटिश निवडलेली होती. आपल्याकडे बाजारात मिळतात ते कीबोर्ड बहुतेक अमेरिकन मांडणीचे. त्यात शिफ्ट धरून दोन दाबला की @ येतो, ब्रिटिश मांडणीत तिथे अवतरणचिन्ह येतं आणि @ जातो एंटरशेजारच्या कळीवर. शिफ्ट-तीनवर # ऐवजी पौंडाचं चिन्ह. उलटी तिरकी रेघ तर ब्रिटिश कीबोर्डवर डाव्या शिफ्टशेजारी जी जास्तीची कळ असते तिच्यावर आहे, आणि आपल्या कीबोर्डला ती कळच नाही.

मुळात कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कुठली कळ दाबली एवढंच कळवतो. लिनक्सच्या लेखी दोनच्या कळीचा क्रमांक ३ आहे, त्या ३ मधून @ काढायचा की ", हे कीमॅप नावाचा तक्ता ठरवतो. एरवी चुकीचं अक्षर आलं तर डोळ्यांना दिसतं. पासवर्ड टाकताना दिसत नाही, आणि मशीन फक्त चुकलं एवढंच म्हणतं. डोळे अधू असलेला माणूस अशा वेळी स्वतःच्या बोटांवर संशय घेतो. काकांनी तो कित्येक पावसाळे घेतला, याचं मला फार वाईट वाटलं.

सोपा उपाय होता, पासवर्डच बदलून टाकायचा. ए ते झेड या कळा दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहेत, तेव्हा नुसत्या अक्षरांचा लांब पासवर्ड कुठेही चालला असता. लिनक्सच्या डिस्ककुलपाला एकाहून जास्त किल्ल्या लावता येतात, तशी एक जास्तीची मी लावलीही. पण तेवढ्यावर थांबणं मला पटेना. छापलेल्या कळीवर जे आहे तेच पडद्यावर यायला हवं. माणसाला चिठ्ठी पाठ करायला लावणं हे उत्तर नव्हे.

डेबियनमध्ये यासाठी दोन छोट्या फाइली आहेत, एक कीबोर्डची आणि एक कन्सोलच्या अक्षरांची. पहिल्यात मांडणी अमेरिकन केली आणि कॅप्स लॉकची कळ निकामी करून टाकली, कारण काकांचं करंगळीचं बोट तिच्यावर पडायचं आणि त्या कीबोर्डचा दिवा गेलेला होता. दुसरीत अक्षर टर्मिनस निवडलं, सोळा बाय बत्तीस. आता ओळीत १२० अक्षरं आणि ३३ ओळी. टर्मिनस हे बल्गेरियाच्या दिमितर झेकोव यांनी तासन्‌तास पडद्याकडे पाहणाऱ्यांसाठी घडवलेलं अक्षर. त्यात शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे ओळखू येतात. डेबियनची ही कन्सोलची व्यवस्था लिहिणारे अँटन झिनोव्हिएवही बल्गेरियाचेच. सिरिलिक लिपीत लिहिणाऱ्यांना काळ्या पडद्यावर आपली अक्षरं हवी होती, त्याचा फायदा आज रत्नागिरीत झाला.

चालू मशीनवर आज्ञा दिली की अक्षरं तत्क्षणी मोठी होतात. इथेच काम झाल्यासारखं वाटतं, आणि खरं काम इथून पुढे असतं. पासवर्ड विचारला जातो तेव्हा डिस्क अजून बंद असते. आपण केलेल्या सेटिंगच्या फाइली त्याच बंद डिस्कवर असतात. मग त्या वेळी मशीन चालतं कशावर? सुरुवातीच्या काही क्षणांसाठी बांधून दिलेल्या एका शिदोरीवर. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. कुलूप नसलेल्या छोट्या भागात ती ठेवलेली असते, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी ती उघडतो आणि तिच्यातलीच साधनं वापरून पासवर्ड विचारतो. कीमॅप आणि अक्षर तिच्यात जायला हवं, म्हणजे सेटिंग बदलल्यावर ती नव्याने बांधायला हवी. एका आज्ञेचं काम.

बांधली, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं. पासवर्डची ओळ मोठ्या अक्षरांत आली आणि काका "आलं, आलं" म्हणेपर्यंत पडदा लुकलुकून पुन्हा बारीक झाला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर उशिरा जागा होत होता. तो पडद्याचा ताबा घेतो तेव्हा कन्सोल नव्याने मांडला जातो आणि आधी चढवलेलं अक्षर जातं. इंटेलचा आय-९१५ हा ड्रायव्हरही शिदोरीत घातला, म्हणजे तो आधीच जागा होतो आणि अक्षर त्याच्यानंतर चढतं. मग टिकलं.

उरला नमलॉक. काकांनी उमेदीची वर्षं कॉलेजच्या हिशेब खात्यात काढलेली, आकडे ते उजवीकडच्या नंबर पॅडवरच टाकणार. त्या मशीनवर सुरुवातीला नमलॉक बंद असायचा, आणि बंद असला की तिथे आकड्यांऐवजी बाणांच्या कळा चालतात. लॉगिनच्या वेळेपुरता तो आपोआप चालू होईल अशी सोय केली. त्याआधीच्या पासवर्डसाठी मघाची नुसत्या अक्षरांची किल्ली कामाला आली.

मराठी मात्र मला जमवता आलं नाही. काकांची साधी मागणी होती की तिथे "पासवर्ड टाका" असं लिहून यावं. लिनक्सच्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचं अक्षर चालतं, पण खरी अडचण ती नव्हे. तो एका चौकटीत एक आकृती ठेवतो आणि पुढे जातो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणं, जोडाक्षर जुळवणं हे त्याला येत नाही. डेबियनच्या त्याच व्यवस्थेत ग्रीक, अरबी, हिब्रू, थाई, लाओ, जॉर्जियन, इथिओपियन लिप्यांचे संच आहेत, देवनागरीचा नाही. कोट्यवधी लोकांच्या लिपीला मशीनच्या पहिल्या पडद्यावर जागा नाही, हे मला मनापासून खटकतं. रोमन लिपीत मराठी लिहून मी लॉगिनच्या वर दोन ओळी घातल्या. काकांनी त्या वाचल्या, चालेल म्हणाले.

मग मी बाजूला झाले. काकांनी स्वतः मशीन बंद केलं, चालू केलं, खुर्चीला पाठ टेकून पासवर्ड टाकला. पहिल्या फटक्यात उघडलं. त्यांनी चिठ्ठी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "मॅडम, लायब्ररीतल्या मशीनचंही असंच करून द्या. तिथल्या बाईंना चाळिशी लागलीय, त्या बोलत नाहीत." लायब्ररीचा मॉनिटर लहान होता, तिथे बारा बाय चोवीसचं अक्षर पुरलं. कीबोर्डची मांडणी तिथेही ब्रिटिशच निघाली.