आजीची जपमाळ आणि जातीचा दाखला

आमची आजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या साली जन्मली. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी नाशिकला सत्याग्रह सुरू केला, तेव्हा तिचे चुलते संगमनेर तालुक्यातल्या गावाहून भाकरी बांधून पायी तिकडे गेले होते. तिचे वडील गेले नाहीत. ते आधीच मिशनकडे जाऊन ख्रिस्ती झाले होते. ज्या देवाचे दार उघडावे म्हणून भाऊ लाठ्या खायला निघाला, त्या देवाशी यांनी संबंधच तोडला होता. महारवाड्यातल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांनी मनुवादाला दिलेली ही दोन उत्तरे होती. 1956 नंतर चुलत्यांचे घर बौद्ध झाले. आजी ख्रिस्तीच राहिली, 93 व्या वर्षी डोळे मिटेपर्यंत.

लग्न होऊन ती नाशिक रोडला आली. आजोबा प्रेसमध्ये कामाला होते. ते रात्रपाळीवरून घरी येत तेव्हा आजी सकाळच्या मिस्सेला निघालेली असे. पाऊस असो, गुडघे दुखोत, तिचा नेम चुकला नाही. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरली की आमच्या दोन खोल्यांत गावाकडची वीस-वीस माणसे उतरत आणि तिला चुलीपुढून उठायला फुरसत नसे. संध्याकाळी जपमाळ म्हटल्याशिवाय आम्हा नातवंडांना ताट वाढले जात नसे.

आम्ही कॉलेजात गेलो, चळवळीत आलो, आणि भांडण नेमके या ताटावरच सुरू झाले. "आजी, हा गोऱ्यांनी आणलेला देव. गुडघे टेकून जात जाते का?" ती जपमाळेचा मणी तसाच बोटात धरून म्हणायची, "आरं, गोऱ्याचा का काळ्याचा, मला काय करायचं? मिशनच्या मास्तरांनी माझ्या हातात पाटी दिली. गावच्या शाळेत तुमच्या चुलतआज्याला दारात बसवत हुते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. चाळीतल्या निम्म्या बायकांची पत्रे तीच वाचून दाखवायची, रेशनकार्डाचे अर्ज तीच लिहायची. आमच्या घरात शिक्षण आणले ते या जपमाळ ओढणाऱ्या बाईने. 14 एप्रिलच्या मिरवणुकीतही ती रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसे आणि लेझीम खेळणाऱ्या पोरांना पाणी देई. "माझ्या चुलत्याचे साहेब," असे म्हणायची.

तिची आरती ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. आत्यासाठी एका मांग ख्रिस्ती मुलाचे स्थळ आले, मुलगा शिक्षक होता. आजीने ते मोडले. "आपल्यात बसत नाही," एवढेच कारण. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे, पण सोयरीक करताना महार ख्रिस्ती वेगळे, मांग ख्रिस्ती वेगळे! चर्चमध्येही जात पाळली जाते, हे बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती समाजालाच तोंडावर सुनावले होते. ते आम्ही आमच्या घरात पाहिले. आत्या त्यानंतर बरीच वर्षे आजीशी धड बोलली नाही.

जात चर्चमध्ये सुटली नाही, गावातही सुटली नाही. फक्त सरकारी कागदावर ती सुटली असे धरले गेले. काकांना गावी बांधाच्या भांडणात जातीवरून शिवीगाळ झाली. ते पोलीस ठाण्यात गेले, तर ऐकायला मिळाले, "तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला ॲट्रॉसिटी लागत नाही." शिवी देणाऱ्याने मात्र त्यांचा धर्म विचारला नव्हता.

1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आणि ते योग्यच झाले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. 2022 च्या ऑक्टोबरात या प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत घालतात, आणि गंमत पाहा, त्या दाखल्यासाठी आमचे पूर्वज अनुसूचित जातीचे होते हे सिद्ध करावे लागते. म्हणजे अनुसूचित जातीत नसल्याचा दाखला मिळवायला आधी महार असल्याचा पुरावा द्यायचा!

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "दुधाच्या भुकटीसाठी गेलेले लोक, आता आमच्या ताटात कशाला?" भुकेल्या माणसाने भुकटी घेतली असेल तर लाज कोणाला वाटायला हवी, त्याला की त्याला उपाशी ठेवणाऱ्या गावाला? वाटा कमी होण्याची भीती आम्हाला कळते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना 13 टक्के आहेत आणि तेही पुरते भरले जात नाहीत. मग माणसे वाढली तर टक्का वाढवून मागू या, एकत्र मागू या. बौद्धांच्या सवलतींसाठी ज्यांना इतकी वर्षे झगडावे लागले, त्यांनीच दार लावून घ्यावे?

आजी गेली तेव्हा चुलतघरची माणसे पांढऱ्या कपड्यांत दफनभूमीत आली. फादरांची प्रार्थना संपेपर्यंत मागे उभी राहिली, मग एकेकाने मूठ मूठ माती टाकली. पुढे तिची पत्र्याची पेटी उघडली. आत बाप्तिस्म्याचा दाखला होता, तुटलेल्या दोन जपमाळा होत्या आणि घडी घालून ठेवलेला आजोबांचा शाळेचा दाखला होता. जात: महार. धाकट्या भावाच्या ओबीसीच्या अर्जाला आम्ही तोच जोडला.