वांगावरचं लेसर आणि आपलं ऊन

मोडनिंब,
वैशाख

ती. वहिनींस,

गालावरच्या वांगासाठी तुम्ही लेसर टोनिंग करून घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागा, असं डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे. जखम नाही, पट्टी नाही, लालीही बहुधा दिवसा-दोन दिवसांत ओसरते. पण आपल्या माढा तालुक्यात उपचाराचा गुण यंत्राइतकाच पुढच्या काही आठवड्यांतल्या उन्हावर ठरतो, असं माझं ठाम मत आहे. १०६४ नॅनोमीटरचा तो झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता येतो, रंगाचे कण त्याने फुटतात आणि त्यांचा चुरा शरीर सावकाश उचलत राहतं. आजूबाजूच्या कातडीला धक्का न लावता नेमक्या रंगालाच गाठायचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. मात्र रंग तयार करणाऱ्या पेशी शाबूत राहतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्या मुळातच तत्पर. थोडा दाह झाला, वर ऊन लागलं, की पुन्हा रंग ओततात. मग वांग पहिल्यापेक्षा गडद दिसतं आणि बोल लागतो लेसरला.

कोणी म्हणेल, आपल्या आया-आज्या जन्मभर उन्हात राबल्या, त्यांनी कुठे क्रीम लावलं? पण त्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेत, आणि डाळिंबाच्या बागेत जाणाऱ्या बायका आजही डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा गुंडाळतात. तेच करा, वर सनस्क्रीनही लावा. दोन बोटांवर मावेल एवढं घ्यायचं आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. वांगाला दिसणारा उजेडही बाधतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन अधिक चांगलं. एसटीच्या बंद काचेतूनही अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच. खिडकीची जागा सोडा. खर्च परवडत नसेल तर दाट विणीचा सुती स्कार्फ आणि सकाळी दहाच्या आत उरकलेली बाहेरची कामं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

एवढी उस्तवार करायची तर लेसर हवंच कशाला, हा आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. वांग मुळासकट जात नाही, परतही येतं. ज्यांना भर उन्हात राबण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी उन्हाळ्यात ते न केलेलंच बरं. तुमचं पुढचं सिटिंग दसऱ्यानंतर घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मात्र हे बायकांचे नखरे, असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. चेहरा रोज चारचौघांत न्यावा लागतो. त्याची काळजी घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

सध्या गार पाणी, साधं मॉइश्चरायझर, बस्स. बेसन-हळद-लिंबू नको; लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. मेडिकलमधून कोणी सुचवलेलं गोरेपणाचं क्रीमही नको, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते फार दिवस लावलं की कातडी पातळ होते आणि सोडलं की चेहरा पेटतो. आग थांबेना, फोड आला किंवा डाग काळवंडू लागला, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
नणंद