नावाआधीचं आयुष्य

शैवाकांचे, म्हणजे लायकेनांचे, नमुने कागदाच्या पुड्यांत ठेवतात. जाड, पिवळसर पडत चाललेल्या कागदाची चौकोनी घडी, तिच्यावर कुणाच्या तरी बारीक अक्षरात जागेचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. आणि घडी उलगडली की आत चिमूटभर माती, त्या मातीला घट्ट धरून बसलेले काही तपकिरी खवले आणि वर्षानुवर्षं थांबून राहिलेल्या हवेचा पुसट, कोरडा वास. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर संग्रहात अशा पुड्या आहेत. पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी तिथे बसून सह्याद्रीच्या सालींवरची, कातळांवरची शैवाकं ओळखण्यात आयुष्याची किती वर्षं घातली. अशी पुडी हातात घेतली की आवाज आपोआप खाली येतो.

काही पुड्यांतल्या जीवाला नाव असतं, काहींतल्या जीवाला अजून नसतं. कुणीतरी धाप लागलेली असताना, बधिर बोटांनी, फार उंचावरची माती सुरीच्या टोकानं उचलतो, पुडी बांधतो, घरी आणतो. पुडी कपाटात जाते, ऋतू उलटतात, कपाटाबाहेर माणसं म्हातारी होतात. आणि मग एखाद्या दुपारी दुसऱ्याच कुणाच्या हातून ती उघडली जाते, भिंगाखाली सरकते आणि पाहणारा थबकतो.

हा ओळखीतला नव्हे.

2016 साली ‘मायकोकीज’ या नियतकालिकात आयनार टिमडाल, वॉल्टर ओबरमायर आणि मिका बेंडिक्सबी यांनी अशाच एका जीवाचं वर्णन प्रसिद्ध केलं. टिमडाल नॉर्वेतल्या ऑस्लोचे, ओबरमायर ऑस्ट्रियातल्या ग्राझचे. जीव मात्र हिमालयाच्या तिबेटी अंगाचा, उंचावरच्या मातीत वाढणारा. नाव ठेवलं सोरा अल्टोतिबेतिका. अशी वर्णनं मी वाचते, त्यातलं निम्मं मला समजत नाही, तरी वाचते. खवल्याची रुंदी, त्याची कड वर वळलेली की जमिनीला टेकलेली, पाठीवर पांढरी भुकटी आहे का, फळाचा रंग, त्या फळाच्या पातळ कापात दिसणाऱ्या थैल्या, प्रत्येक थैलीत आठ बीजाणू, आणि त्या बीजाणूंची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. विशेषण एकही वाढीव नाही. पण एकेक बीजाणू मोजणारा तो माणूस डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या देशात, कदाचित आपल्या मृत्यूनंतर, अनोळखी कुणाला तरी हा जीव भेटला तर त्याला तो बिनचूक ओळखता यावा, म्हणून तो मोजतो आहे. इतकं निरलंकार आणि इतकं प्रेमळ गद्य माझ्या वाचनात क्वचित आलं.

तिबेटात मी गेलेले नाही. पण ते पठार पश्चिमेकडे लडाखमध्ये शिरतं, चांगथांग म्हणतात त्याला, आणि तिथल्या हान्ले गावाच्या वाटेवर मी त्या मातीत बसले आहे. बसले, कारण उभं राहवेना. त्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानानं निम्म्याहून थोडीच अधिक उरते. आभाळ इतकं गर्द की दुपारीही त्याच्या तळाशी रात्र असल्यासारखी वाटते. उन्हात कातडी भाजते आणि हाताच्या सावलीत तीच कातडी गारठते. दूरवर पश्मिन्याच्या बकऱ्या, त्यांच्यामागे एक चांगपा बाई, आणि मधे मैलोन् मैल काहीच नाही असं वाटायला लावणारी खाकी जमीन. उभ्यानं पाहिलं तर मेलेली. मान खाली घालून पाहत राहिलं, श्वास जागेवर येईतो पाहत राहिलं, की ती जमीन हळूहळू उलगडायला लागते: काळपट दाणेदार साय, तिच्यात विटकरी खवले, खवल्यांच्या कडांना पिठासारखी पांढरी रेघ, कुठे राखाडी, कुठे गंधकी पिवळा ठिपका, गारठ्यानं उचललेल्या मातीच्या चिमुकल्या कड्यांवर रांगेनं बसलेली एक अख्खी वस्ती, जिच्यावर सूर्य माझ्यावर होता तितक्याच निर्दयपणे कोसळत होता आणि जिनं त्याच्याविरुद्ध हूं की चूं केलं नव्हतं.

बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब मी एका खवल्यावर सोडला. थेंब क्षणभर तसाच गोल राहिला, मग आत मुरला. खवला गडद झाला, फुगला, त्याची सुकी साल पारदर्शक होत गेली आणि आतून एक हिरवट झाक वर आली.

तो जागा झाला होता.

मुळं नाहीत, पानं नाहीत, पाणी साठवायला जागा नाही. कोरडं पडायचं, अगदी ठार कोरडं, आणि कोरडेपणी जगण्याचे जवळजवळ सगळे व्यवहार थांबवून ठेवायचे. दव, धुकं, वितळतं हिम यांतलं काही लाभलं की काही मिनिटांत ते पुन्हा सुरू करायचे, ही शैवाकांची रीत. वर्षातल्या किती थोड्या ओल्या तासांत त्यांचं खरं आयुष्य सामावत असेल! शैवाकांच्या या धीराची परीक्षा माणसानं अंतराळातही घेतली. कातळावर वाढणारं झँथोरिया एलेगन्स नावाचं एक नारिंगी शैवाक 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेर, उघड्यावर ठेवलं. दीड वर्षानं परत आणून भिजवलं तेव्हा त्यानं पुन्हा प्रकाश खायला सुरुवात केली. आपल्याकडे गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल याच गोतातलं. तेलात परतताना त्याचा जो गंभीर, जंगली वास सुटतो, त्यात मला हल्ली फार लांबचं काहीतरी ऐकू येतं.

पण एक शैवाक दुसऱ्यापासून वेगळं ओळखायचं कसं? डोळा थकतो तिथे रसायनं लागतात. विल्यम न्यूलांडर या फिनलंडहून पॅरिसला येऊन राहिलेल्या अभ्यासकानं 1866 मध्ये ही वाट दाखवली: शैवाकावर द्रावणाचा ठिपका ठेवायचा आणि रंग पालटतो का ते पाहायचं. कुठे पिवळा उमटतो, कुठे लाल, कुठे काहीच नाही. याच माणसानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं न्याहाळून शहराच्या हवेची नाडी त्यांच्यावरून कळते हे सांगितलं. आज त्या ठिपक्यांच्या जोडीला जनुकांचा क्रम वाचतात, जवळच्या नातलगांशी ताडून पाहतात. आणि सगळं जुळलं, म्हणजे कुणाशीच पुरतं जुळलं नाही, की वर्णन लिहितात. पूर्वी ते लॅटिनमध्येच लिहावं लागे, 2012 पासून इंग्रजीही चालतं. बुरशींच्या नोंदवहीतला क्रमांक घ्यावा लागतो. आणि एक पुडी निवडावी लागते, एकच. नाव त्या पुडीला कायमचं बांधलं जातं. पुढे कितीही वाद झाले तरी उत्तर तिच्यातल्या चिमूटभर मातीपाशी येऊन विचारायचं.

नाव तरी कुणाचं? शैवाक हा एक जीव नव्हेच. बुरशीच्या धाग्यांनी घर बांधायचं, आत शैवालानं उन्हातून अन्न करायचं, असा तो संसार. 1867 मध्ये स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं. बुरशीला त्यांनी मालकीण केलं आणि शैवालांना तिचे बंदिवान गुलाम. न्यूलांडर तर खवळलेच. 1899 मध्ये मरेपर्यंत त्यांनी ही गोष्ट मान्य केली नाही. पुढे अँटोन द बारी यांनी सहजीवनाची कल्पना मांडली आणि पाहणाऱ्यांची नजर मऊ झाली. आणि 2016 मध्येच, त्या तिबेटी खवल्यांना नाव मिळालं त्याच वर्षी, टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कित्येक शैवाकांच्या सालीत यीस्टच्या पेशीही राहत असतात. दीडशे वर्षं भिंगाखाली धरलेल्या घरात आणखी कुणीतरी होतं आणि ते कुणाला दिसलं नव्हतं. तरी नियम असा की शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या बुरशीचं मानायचं. दारावरच्या पाटीवर एकाचंच नाव असावं आणि आत चूल पेटती ठेवणारीनं उभा जन्म त्या पाटीखालून ये-जा करावी, तसं. नियमाला सोय हवी असते, हे मला कळतं. पण एखाद्या नव्या शैवाकाचं नाव वाचताना मी दर वेळी त्या आतल्या हिरव्याची मनातल्या मनात आठवण काढते.

मग वाटतं, नावानं त्या खवल्यांना काय दिलं? 2016 च्या आधीही ते होतेच. हिमनद्या मागे सरल्या, वारे फिरले, माणसांची राज्यं आली आणि गेली; ते दवाची वाट पाहत, दाण्याला दाणा धरत राहिले. त्यांच्या धाग्यांनी माती बांधून ठेवली म्हणून ती वाऱ्यानं उडाली नाही. शेजारच्या नीलहरित जिवाणूंनी हवेतला नायट्रोजन तिच्यात आणला म्हणून तिथे एखादं गवताचं पातं उगवू शकलं. हे सगळं अनाम चाललं होतं आणि नावावाचून त्यात काही उणं नव्हतं.

नाव लागतं ते आपल्याला. ज्याला नाव नाही त्याचं जाणंही कुठे लिहिलं जात नाही. हान्लेच्या वाटेवर रस्ता सोडून उतरलेल्या गाडीच्या चाकोऱ्या मी पाहिल्या, दोन समांतर फिक्या रेघा, थेट क्षितिजापर्यंत गेलेल्या. आमच्या गाडीचे लडाखी चालक म्हणाले, या जुन्या आहेत ताई, कुणाच्या ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. त्या रेघांत खवले नव्हते. काळपट सायही नव्हती, नुसती भुगा झालेली माती, जरा वारा आला की उडणारी. शेजारी हातभर अंतरावर ती वस्ती तशीच होती. अंतराळालाही पुरून उरणाऱ्या गोतातला हा जीव चाकाखाली टिकत नाही, कारण सुकलेला असताना तो ठिसूळ असतो, आणि पुन्हा धरायला त्याला दशकं लागतात. कित्येक शैवाकं वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. त्या दोन रेघांत काय काय होतं, त्यातल्या कशाला नाव होतं आणि काय अजून पुडीतही पोचलं नव्हतं, हे कसं सांगायचं?

दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून किती गाड्या, किती मोटरसायकली लडाखला जातात. तुम्हीही कदाचित निघाला असाल. जरूर जा. फक्त गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवायला सांगा, फोटोसाठीसुद्धा मोकळ्या मातीत घालू नका. पायी उतरलात तर दगडांवरून, वाळूवरून चाला. आणि सामानात एक साधं भिंग असू द्या.