आधी सोडची नळी, मग कृष्णविवर

"सर, उत्तर तर माहीतच हाय, मंग हे चालवाचं कायले?" यवतमाळात बी.एस्सी.च्या मुलांपुढे लॅपटॉपवर सोडची नळी हे चाचणी-गणित मांडलं, की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. संगणकावर खगोलभौतिकी करणाऱ्या आमच्या क्षेत्राची सारी विश्वासार्हता त्याच्या उत्तरावरच टिकून आहे.

सुपरनोव्हाचा स्फोट प्रयोगशाळेत घडवता येत नाही. म्हणून अवकाशाची लहान लहान घरं पाडायची आणि प्रत्येक घरातलं वस्तुमान, संवेग, ऊर्जा यांचा हिशेब संगणकाने ठेवायचा. एका घरातून गेलं ते शेजारच्या घरात जमा झालंच पाहिजे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दीपांजन मुखर्जी आणि त्यांचे सहकारी 'प्लूटो' नावाच्या कोडने कृष्णविवराजवळून सुटणारे झोत दीर्घिकेतल्या वायूतून कशी वाट काढतात, ते अभ्यासतात. अशा गणितांची उत्तरं कुठल्याच पुस्तकात नसतात. पडद्यावर दिसतं ते निसर्गाचं की कोडच्या चुकीचं, हे चित्राकडे बघून कळत नाही. कापूस मोजण्याआधी काट्यावर प्रमाणित वजन ठेवून बघतात, तेच काम इथे चाचणी-गणितं करतात.

पहिलं गणित गॅरी सोड यांचं, १९७८ सालचं. नळीच्या मधोमध पडदा. डावीकडे घनता १, दाब १; उजवीकडे घनता ०.१२५, दाब ०.१. पडदा एका क्षणात नाहीसा होतो. ०.२ एकक काळानंतर घनतेचा आलेख काढला, की डावीकडून एक उतार लागतो, मग ०.४२६ वर सपाटी, मग ०.२६६ वर उतरणारी पायरी आणि शेवटी ०.१२५ वर आणणारा शॉक, म्हणजे आघात-तरंग. नळीची लांबी १ धरली, तर शॉक ०.८५ वर सापडला पाहिजे. हे सगळं कागदावर काढता येतं.

आता कोडचा आलेख त्यावर ठेवायचा. नळीची शंभर घरं केली, तर शॉक बहुधा दोन-तीन घरांतच उभा राहतो. मधली पायरी मात्र बऱ्याच घरांत पसरते. मागून येणाऱ्या ध्वनिलहरी शॉकला सतत गाठत असतात, त्यामुळे त्याची धार टिकते. पायरीच्या दोन्ही बाजूंना दाब आणि वेग सारखेच असतात, त्यामुळे एकदा पुसट झाली की ती पुन्हा रेखीव होत नाही. कोड कुठे कच्चा आहे, हे या एका पायरीवर कळतं.

दुसरं गणित बिंदुस्फोटाचं. ब्रिटनचे जी. आय. टेलर आणि सोव्हिएत संघाचे लिओनिद सेदोव्ह यांनी ते १९४० च्या दशकात स्वतंत्रपणे सोडवलं. काळ ३२ पट झाला, की स्फोटाची त्रिज्या ४ पट होते. टेलर यांनी १६ जुलै १९४५ च्या अणुचाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांवरून तिची ऊर्जा सुमारे १७ हजार टन टीएनटीएवढी काढली. सुपरनोव्हाचे अवशेषही काही काळ याच नियमाने फुगतात. चौकोनी घरांत हा स्फोट गोलच राहिला पाहिजे. तो अक्षांच्या दिशेने लांबट झाला, तर घरांच्या जाळीने आपला आकार वायूवर लादला असं समजायचं.

पण एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. २००७ मध्ये ऑस्कर अ‍ॅगर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी वाऱ्यात सापडलेल्या थंड ढगाचं गणित निरनिराळ्या कोडना घातलं. जाळीच्या कोडमध्ये ढगाच्या चिंधड्या झाल्या. वायूला हलते कण मानणाऱ्या त्या वेळच्या प्रचलित पद्धतीत तो बराच शाबूत राहिला. शॉकची गणितं हीच पद्धत ठीक सोडवत होती. घनता एकदम बदलते त्या सीमेवर वायूंची घुसळण तिला जमत नव्हती. पुढे त्या पद्धतीत सुधारणा झाल्या, त्यामागे अशा चाचण्या होत्या. म्हणजे प्रत्येक चाचणी एकाच दुखण्याची परीक्षा घेते. झोताचा अभ्यास करायचा तर शॉकही तपासावा लागतो, घुसळणही आणि चुंबकीय क्षेत्रही.

प्लूटो इटलीतल्या तुरिनमध्ये विकसित झाला, तो मोफत मिळतो आणि सोडची नळी त्याच्यासोबतच येते. ती चालवायला महासंगणक लागत नाही. साध्या लॅपटॉपवर उत्तर काही सेकंदांत येतं. लागणारं भौतिकशास्त्र बी.एस्सी.चंच आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत हे गणित असावं, असं मला मनापासून वाटतं. नामवंत संस्थेतून आलेल्या कोडचा आलेख कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहायला पुसद-वणीच्या विद्यार्थ्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि आलेख जुळला नाही तर बोलण्याचा त्याचा अधिकार कुठल्याही प्राध्यापकाएवढाच आहे.