सात दिवसांचा रंग

आमच्या गिरडला ऊन फुकट मिळतं. गिरड म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं एक गाव. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे फळांसारखे दिसणारे दगडी गोटे सापडतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला अशी कथा आहे. भूगर्भशास्त्रवाले त्याच गोट्यांना झिओलाइट म्हणतात. असो, आजचा विषय दगड नाही, ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो आणि शर्टाची बाही जिथे संपते तिथे हातावर रेघ उमटते, ती दिवाळीपर्यंत जात नाही. अशा गावात मी एकदा सांगितलं की अमेरिकेत लोक सावळं दिसायला बाटलीतलं लोशन लावतात. आत्या म्हणाली, "काऊन बाप्पा? तिकडे ऊन नाही निघत काय?"

निघतं की. पण मिनियापोलिसला जानेवारीत जे निघतं ते शोभेचं. तिथे ऑनसाईट होतो तेव्हा टीममधल्या एक बाई शुक्रवारी पिठासारख्या पांढऱ्या घरी जायच्या आणि सोमवारी समुद्रावर आठवडा काढल्यासारख्या सोनेरी होऊन हापिसात यायच्या. पुढच्या सोमवारपर्यंत पुन्हा फिक्या. एकदा तळहात नारिंगी झालेले दिसले तेव्हा न राहवून विचारलं, आणि मला 'सेल्फ टॅनर' या प्रकाराचं पहिलं लेक्चर मिळालं. गंमत वाटली, विसरून गेलो. गोऱ्या लोकांची चैन, आपल्याला काय त्याचं!

मागच्या पावसाळ्यात भाचीचा (आतेबहिणीच्या मुलीचा) फोन आला. "मामा, ते तिकडचे लोक लावतात ना रंगाचं लोशन, ते मले चालन का?"

भाचीला कोड आहे. सातवीत असताना डाव्या मनगटावर शेंगदाण्याएवढा डाग आला, आता दोन्ही हातांच्या बोटांवर आणि मनगटावर आहे. सध्या ती बी.एड. करते आहे.

कोड म्हणजे काय ते आधी सरळ सांगून टाकतो, कारण सुशिक्षित घरांतही याबद्दल भलभलते समज आहेत. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्यांच्यावरच हल्ला करते. जिथे त्या पेशी संपल्या तिथे पांढरा डाग. जगात साधारण शंभरात अर्ध्या ते दोन माणसांना हे असतं. ते लागण होऊन पसरत नाही आणि त्यात रक्तबिक्त काही खराब झालेलं नसतं. दही, लिंबू, मासे-दूध यांचा त्याच्याशी संबंध नाही, तरी भाचीचं दही पाच वर्षं बंद होतं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक घोळ आहे तो शब्दांचा. कोडाला जुने लोक 'पांढरं कुष्ठ' म्हणतात, आणि कुष्ठरोग हा शब्द वर्ध्याला अनोळखी नाही. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करत, आणि बाबा आमट्यांचं आनंदवन शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला. इतकं सगळं जवळ असूनही दोन आजारांतला फरक लोकांपर्यंत पोचला नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडात जंतू नाहीत आणि डागावर मुंगी चावली तरी नीट कळतं. त्या बिचाऱ्या कुष्ठरोग्यांनाही आपल्या कायद्याने कमी छळलेलं नाही बरं का. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली काढलं!

तर भाचीच्या हातावर आजवर काय काय लावून झालं? पहिली अर्थातच हळद. वायगावची हळद आमच्याच तालुक्यातली, २०१६ साली तिला जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे आत्याचा तिच्यावर गाढ विश्वास. पण बाकीच्या हातावरची हळद धुतल्यावर दिसेनाशी होते आणि पांढऱ्या डागावर पिवळीधम्मक चमकत राहते. वर साबण लागला की लालसर. (हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू असंच तर करतात.) म्हणजे मावशीच्या लग्नात हळद लागल्यावर पोरीचे डाग अख्ख्या मांडवाला दिसले.

मग एका वैदूने बावचीचं तेल दिलं आणि उन्हात बसायला सांगितलं. बावची हे काही थोतांड नाही. तिच्यात सोरालेन असतं, ते आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश मिळून रंगपेशींना जागं करू शकतात. डॉक्टर हीच युक्ती मोजूनमापून वापरत आले आहेत. पण इथे माप कोण घेणार? गिरडचं एप्रिलचं ऊन आणि वाटीभर तेल. दुसऱ्या दिवशी टपोरे फोड आले. त्यानंतर मात्र आतेबहिणीने हट्टाने तिला वर्ध्याला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधाने चेहऱ्यावरचा एक डाग भरून आला, पण बोटांवरचे डाग हटवादी असतात, ते तसेच राहिले.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एक अख्खा विकांत वाचत बसलो. सेल्फ टॅनरमधला मुख्य पदार्थ डायहायड्रॉक्सीॲसिटोन, थोडक्यात डीएचए. ही एक अगदी साधी, तीन कार्बनची साखर आहे. गंमत म्हणजे तिचा हा गुण ब्यूटी पार्लरमध्ये सापडलाच नाही. १९५० च्या दशकात सिनसिनाटीला इव्हा विटगेनस्टाइन नावाच्या बाई आजारी लहान मुलांना ही साखर औषध म्हणून पाजत होत्या. मुलं ती थोडी सांडायची, आणि जिथे सांडली तिथे काही तासांनी त्वचा तपकिरी. कपड्यांवर मात्र डाग नाही! बाईंनी ते स्वतःच्या हातावर लावून पाहिलं. १९६० साली 'सायन्स'मध्ये त्यावर लेख आला, आणि त्याच वर्षी कॉपरटोन कंपनीची झटपट टॅनिंगची बाटली बाजारात.

होतं काय, तर त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या प्रथिनांशी ही साखर संयोग पावते आणि तपकिरी रंग तयार होतो. भाकरीला तव्यावर जे खरपूस डाग पडतात त्याच जातीची ही क्रिया, फक्त आचेशिवाय. आणि हा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, म्हणूनच कोडाच्या डागावरही रंग चढतो. मेलॅनोसाइट असोत नसोत, साखरेला त्याच्याशी देणंघेणं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर विनॅम्पची स्किन बदलली, आतलं गाणं तेच. पेशी झडतात तसा रंगही उतरतो, पाच ते सात दिवसांत खलास. पण म्हणूनच धोकाही कमी. बावची जिवंत थरात हात घालते, ही बाटली तिथवर पोचत नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, कोडाचे पेशंट हे वापरतात. मग मी पुण्यात एका मोठ्या दुकानात गेलो आणि टॅनचं लोशन मागितलं. सेल्सगर्लने टॅन काढायची तीन क्रीमं समोर ठेवली. मी म्हटलं काढायचं नाही, आणायचं आहे. तिने मॅनेजरला बोलावलं :) शेवटी बाटली ऑनलाईनच मागवली.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून आमची रीत लिहून ठेवतो. मिनियापोलिसच्या बाईंचं लेक्चर, डॉक्टरांच्या सूचना आणि भाचीचे प्रयोग यांचं हे मिश्रण.

१. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस थांबायचं. खाज किंवा लाली आली तर विषय बंद.

२. लावायच्या आधी ओल्या खरखरीत कापडाने त्वचा हलक्या हाताने घासायची, म्हणजे सुटायला आलेल्या पेशी निघून जातात. नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग हात पूर्ण कोरडे करायचे.

३. बोटांचे सांधे, कोपर, घोटे इथली कातडी जाड असते, ती रंग जास्त पिते. तिथे आधी साधं मॉइश्चरायझर किंचित लावायचं.

४. सगळ्या अंगाला लावायचं असेल तर गोल गोल हात फिरवत पातळ थर द्यायचा आणि लगेच तळहात साबणाने धुवायचे. (नारिंगी तळव्यांचं रहस्य हे.) कोडाच्या डागासाठी मात्र कापसाची काडी घ्यायची आणि डागाच्या कडेच्या किंचित आत थांबायचं. कडेबाहेर गेलं तर चांगल्या कातडीवर गडद चौकट उमटते.

५. लगेच रंग दिसत नाही म्हणून घाई करायची नाही. दोन ते चार तासांत तो दिसायला लागतो आणि पुढे दिवसभर गडद होत राहतो. कमी वाटला तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. गव्हाळ-सावळ्या रंगाशी जुळवायला दोन-तीन हात लागतात.

६. हा रंग उन्हापासून वाचवत नाही. दिसायला सावळं झालं तरी आतला डाग उघडाच असतो, आणि तो भाजतो. सनस्क्रीन किंवा पूर्ण बाह्या हव्यातच. प्रकाशाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय लावू नये.

भाचीच्या हाताला हा रंग सात दिवस टिकत नाही, चारच. भांडी, धुणी आणि कपाशीची वेचणी या तिघांपुढे त्याचा निभाव लागत नाही. पण पहिल्यांदा नीट जमला तेव्हा तिने उजव्या हाताचा फोटो पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं. मी तो बराच वेळ पाहत बसलो.

आता खरी गोष्ट. गेल्या डिसेंबरात आत्याचा फोन. "बाबू, हिंगणघाटकडचे पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले. आदल्या दिवशी लावून घे म्हनाव तिले ते औषध. कोनाले काय समजते?"

आत्याला मी वाईट म्हणणार नाही. कोड असलेल्या मुलीचं स्थळ कसं मोडतं हे तिने आयुष्यभर पाहिलं आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन सुरू केली, तिथे कोड असलेली माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ साली याच विषयावर आला. गिरडच्या आत्याला यातलं काही आधार देत नाही. तिच्या हाताशी एक बाटली आहे आणि समोर एक नात.

मी आत्याला म्हटलं, रंग सात दिवसांचा आहे आणि संसार निदान पन्नास वर्षांचा, आठव्या दिवशी काय सांगशील? ती म्हणाली, "आठव्या दिवशी पुन्हा लावन." लॉजिकमध्ये चूक काढता येईना! मग मी म्हटलं, तिलाच विचार.

भाचीने नाही लावलं. पाहुण्यांना चहा तिनेच दिला, बांगड्यांच्या वर बाही दुमडून. मुलाच्या काकूने हाताकडे बघून विचारलं, हे काय? तिने सांगितलं, कोड आहे, सातवीपासून आहे, लागत नाही. काकू हो हो म्हणाल्या. जाताना म्हणाले, कळवतो. अजून कळवलेलं नाही. आत्या माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही.

त्यानंतरच्या रविवारी रात्री भाचीने दोन्ही हातांना नीट लोशन लावलं. सोमवारी नववीच्या वर्गावर तिचा पाठ होता. मी जरा चक्रावलो. पाहुण्यांपुढे नाही आणि शाळेत लावतेस? ती म्हणाली, "मामा, पाहुन्याईले माहीत पडलंच पाहिजे. पोट्ट्याईले काय करायचं? ते पस्तीस मिनिटं माह्या हाताकडेच पाहात बसते, फळ्याकडे कोनी पाहत नाही. मले शिकवायचं राह्यते ना."

मला वाटतं या बाटलीबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. चारचौघांत स्वतःकडे कुणी टक लावून पाहू नये असं वाटणं ही लपवाछपवी नाही. कधी झाकायचं आणि कधी दाखवायचं हे जिचे हात तिने ठरवावं. मिनियापोलिसच्या बाईंनी तरी कुठे कुणाला विचारलं होतं?

पाठ चांगला झाला म्हणे. निरीक्षक सरांनी फळ्यावरच्या आकृतीचं कौतुक केलं.

परवा पुन्हा फोन आला. बाटली संपत आली आहे आणि यावेळी तिला वेगळी शेड हवी आहे. "उन्हाळ्यात बाकीचा हात काळा होते मामा, मंग जुना रंग जुळत नाही." गडद शेड मागवली आहे. पार्सल या आठवड्यात गिरडला पोचेल.